आन्सेल्मोच्या क्रुसाचं कापड

इबिराती, १४ मे १८७२

वन्संना रुफिनाचा वाकून नमस्कार.

तुमचं ईस्टरचं पत्र पोचलं. रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या ओसरीत बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. गावात वाचता येणारी आता मी एकटीच, त्यामुळे पत्र कुणाच्याही नावावर आलं तरी ते सगळ्या गावाचं असतं. राजधानीच्या धक्क्यावर ब्राझीलचे शिपाई रांग लावून तुमचे चिरूट विकत घेतात, हे ऐकून बायका खूप हसल्या. म्हातारी पाउला म्हणाली, आधी आपली घरं जाळली, आता तंबाखू जाळतायत. जाळू देत, निदान पैसे तरी देतायत. आणि तिनं स्वतःचा चिरूट पेटवला.

इकडे सगळं ठीक आहे. असं लिहिताना अजून हात अडखळतो, पण खरंच ठीक आहे. ब्राझील-अर्जेंटिनाशी चाललेली लढाई संपली त्या वर्षी आम्ही नांगर स्वतःच्या खांद्यावर ओढला. यंदा गावात तीन बैल आहेत. मान्दिओकाचे कंद मनगटाएवढे निघाले. तुमच्या माहेरच्या अंगणातली संत्री खाऊन उरली, ती गाडीवान एवारिस्तोबरोबर पाराग्वारीच्या स्टेशनावर विकायला पाठवली. एवारिस्तो म्हणजे वरच्या आळीतला, ब्राझीलच्या कैदेतून दोन बोटं गमावून परत आलेला. लहानपणी सारखा झाडावरून पडायचा, तुम्हाला आठवत असेल. आता पडत नाही. गावात चारशे पुरुष होते, आता तीन उरले, त्यांतला हा एक. दुसरा चर्चची घंटा वाजवणारा निकानोर, ऐंशीच्या पुढचा आणि ठार बहिरा. तिसरा मातियास, तो टांगलेल्या झोळीतून खाली उतरला की आम्ही एकमेकींना बातमी कळवतो.

न्यायाधीशाची काठी अजून माझ्याच घरात आहे. न्यायाधीश लढाईत गेला तेव्हा, ही वाचते-लिहिते म्हणून पाउलानं ती माझ्या हातात दिली, ती तशीच राहिली. भांडणं नेहमीचीच, कोंबडी कुणाची आणि कुंपण कुणाचं. मी निकाल देते आणि बायका तो मानतात.

आता मुख्य गोष्ट. रस्त्याच्या कडेला एकेचाळीस क्रूस झाले, वन्सं. वाचलेल्या बायकांपैकी जिचा नवरा परत आला नाही तिनं नऊ दिवस प्रार्थना केली, गावाला जेवण घातलं, क्रूस रोवला, त्यावर भरतकामाचं पांढरं कापड टाकलं आणि ती मोकळी झाली. माझाच तेवढा राहिलाय. तुमच्या भावाला आपल्या शिपायांनी लढाईवर नेलं त्याला या महिन्यात सात वर्षं झाली. बायकोनं जेवण घालायचं आणि कापड त्याच्या रक्ताच्या बाईनं भरायचं, ही आपली रीत. सासूबाई गेल्या, आता तुम्हीच उरलात. तेव्हा कापड तुम्ही भरून पाठवा. त्यांच्या आत्म्याला शांती मिळावी एवढाच माझा हेतू आहे, दुसरा काही नाही.

तुमची
रुफिना

ता. क. एवारिस्तो बुधवारी पाराग्वारीला असतो. कापड रेल्वेनं त्याच्या नावे पाठवलं तरी चालेल. तो फार जपून आणतो.


आसुन्सिओन, २ जून १८७२

प्रिय रुफिना,

पत्र मिळालं. संत्री खाऊन उरली हे वाचून तोंडाला पाणी सुटलं. इथे आता सगळं विकत, आणि विकणारा इटालियन.

राजधानीचं काय सांगू. नवी राज्यघटना आली आहे आणि तीन वर्तमानपत्रं निघाली आहेत, ती रोज सकाळी एकमेकांची आई-बहीण काढतात. लढाईच्या आधी एकच होतं आणि ते सगळ्यांची स्तुती करायचं. बदल झाला तो हा. शाळेत मुलं आपली ग्वारानी बोलली की हातावर छडी बसते. सुधारलेल्या देशात स्पॅनिशच बोलतात म्हणे. माझ्याकडे चिरूट वळणाऱ्या तीन मुली आहेत, त्या सुधारलेल्या माणसांना ग्वारानीत अशी काही नावं ठेवतात की मी तोंडात पदर कोंबते. घेणारे चांगलं बोलल्या समजून हसतात. एकूण बरं चाललं आहे. मी जाडी झाले आहे.

कापडाचं म्हणशील तर सध्या अडचण आहे. चांगलं पांढरं कापड बाजारात नाही, सगळं शिपायांच्या सदऱ्यांना गेलं. शिवाय माझी नजर पूर्वीसारखी राहिली नाही. घाई कसली आहे? क्रूस काही पळून जात नाही.

आणि एक सांगू का? तू तीस वर्षांची आहेस. क्रूस नाही म्हणून बाईनं एकटीनंच राहावं, ही रीत गावात चारशे पुरुष होते तेव्हाची. आता कोण कुणाला विचारतं? एखादा बरा माणूस दिसला तर मला वाईट वाटणार नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी
तोमासा


आसुन्सिओन, ३ जून १८७२

आन्सेल्मो,

गाढवा, हे पत्र होडीवाल्याबरोबर पाठवते आहे. तो अर्जेंटिनात कोरिएन्तेसला पोचला की तुझ्या हातातच देईल. तुझ्या बेनितासमोर वाच नाहीतर मागे लपून वाच, मला फरक पडत नाही.

तू जिवंत आहेस हे मला कळलं त्याला गेल्या ईस्टरला वर्ष झालं. त्या दिवशी मी धक्क्यावर बसून रडले, आणि माझा अख्खा दिवसाचा माल त्या होडीवाल्याला फुकट दिला. नंतर त्यानं उरलेलं सांगितलं. अर्जेंटिनावाल्यांनी तुला कैद करून शेतावर कामाला दिलं, तिथे एक विधवा, तिच्यापासून दोन मुली. तू निरोप दिलास की रुफिनाला सांग, वाट पाहू नकोस म्हणावं. मी सांगितलं नाही. कसं सांगायचं होतं ते तू मला शिकव. तिचं पत्र सगळं गाव ऐकतं. ‘तुझा नवरा दुसरीच्या घरी सुखात आहे’ हे तिनं ओसरीत मोठ्यानं वाचायचं?

आता ती तुझ्या क्रुसाचं कापड मागते आहे. जित्या माणसाचा क्रूस रोवला तर तो वर्षाच्या आत जातो, हे तुलाही ठाऊक आहे. काय करू ते लिही. स्वतःच्या हातानं लिही, होडीवाल्याच्या तोंडी नको. तिच्या वडिलांनी तुला अक्षरं शिकवली होती ती कशासाठी?

तुझी मोठी बहीण


इबिराती, २० जुलै १८७२

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र ओसरीत वाचताना त्या ‘बऱ्या माणसा’पाशी आले आणि थांबले. बायका म्हणाल्या, पुढे वाच. वाचलं. मग जे हसणं झालं ते निकानोरलाही ऐकू गेलं असावं, कारण त्यानं घंटा वाजवली.

वन्सं, माझी परीक्षा घेताय ना? मी ओळखलं. नणंद ती नणंदच. पण मी कुणाकडे मान वर करून पाहिलेलं नाही. क्रूस उभा राहत नाही तोवर मी तुमच्या भावाची बायको आहे आणि या घराची सून आहे. दारामागच्या खुंटीवर त्यांची टोपी अजून तशीच आहे. तुम्हाला काळजी नको.

इकडे राजकारण झालं. राजधानीतून कागद आला की नव्या कायद्याप्रमाणे न्यायाधीश पुरुषच हवा आणि तो निवडून यायला हवा, नाहीतर आपलं गाव शेजारच्या गावाला जोडणार. मग रविवारी निवडणूक घेतली. मतदार तीन. मातियासला झोळीसकट उचलून आणला. कुणाला मत, असं विचारलं तर म्हणाला, जो मला लवकर परत नेईल त्याला. निकानोरच्या कानात ओरडून विचारलं, तो म्हणाला हो, उद्या पाऊस आहे. राहिला एवारिस्तो. तो लाजून गाडीखाली जाऊन बसला होता. अशा तऱ्हेनं तो एकमतानं निवडून आला.

त्याला वाचता येत नाही, सही तेवढी मी शिकवली. आता भांडण आलं की तो माझ्या ओसरीत काठी घेऊन बसतो, मी दाराच्या आतून निकाल सांगते, आणि तो बाहेरच्यांना सांगतो. कधी कधी माझ्यापेक्षा बरा सांगतो. परवा एका कोंबडीचं भांडण त्यानं दोघींना मान्दिओका सोलायला बसवून मिटवलं. या कामासाठी त्याला रोज यावं लागतं. केवळ कामासाठी.

कापडाचं लवकर बघा.

रुफिना


कोरिएन्तेस, ११ ऑगस्ट १८७२

ताई,

अक्षर बिघडलंय, रागावू नकोस. सात वर्षांत हातात कुदळीशिवाय काही धरलं नाही.

मला कैदेत सांगितलं होतं की इबिरातीच्या सगळ्या बायकांना डोंगरात हाकलून नेलं आणि त्या उपासमारीनं मेल्या. मी दोन वर्षं रडलो. मग बेनितानं मला जेवायला वाढलं. ती विचारत नव्हती, नुसती वाढत होती. धाकटी मुलगी झाल्यावर कळलं की रुफिना जिवंत आहे. तेव्हा काय करायचं होतं? एकीला वाट पाहायला लावली होती, आता दोघींना लावायची?

तिकडचा मी मेलेलाच आहे, ताई. ती म्हणते तर रोव म्हणावं क्रूस. वर्षभरात गेलो तर गेलो. तिचं एवढं तरी मी लागतो. पण लपवू नकोस. तुझ्यात धीर नसेल तर हे पत्रच पुढे पाठव.

आन्सेल्मो


आसुन्सिओन, १ सप्टेंबर १८७२

प्रिय रुफिना,

एवारिस्तोच्या निवडणुकीची हकिकत मी मुलींना वाचून दाखवली. एकीनं हसता हसता चिरूट उलटा वळला. इथल्या निवडणुकीत दोघांची डोकी फुटली, म्हणून म्हणते, तुमचंच राज्य बरं.

कापड मिळालं होतं, पण धागा पिवळा निघाला. मग पांढरा मिळाला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा डाग पडला. डागाचं कापड क्रुसाला कसं चालेल? ते मी फेकलं. पुन्हा बघते.

तू कुणाकडे मान वर करून पाहिलं नाहीस हे वाचून माझं काळीज तुटलं. परीक्षा नव्हती गं ती. इतकं कुणी खरं राहू नये, रुफिना.

तुला काही सांगायचं आहे. पण या पत्रात नाही. याच्या पुढचं पत्र तू एकटीनं वाच. ओसरीत नेऊ नकोस, पाउलाला दाखवू नकोस. दार लावून वाच.

तोमासा


इबिराती, ६ ऑक्टोबर १८७२

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मी अर्थातच ओसरीत वाचलं, कारण ‘पुढचं एकटीनं वाच’ हे या पत्राच्या शेवटी होतं. ते ऐकल्यावर पन्नास बायका जागच्या जागी रुसल्या. पाउला म्हणाली, लढाईत एका पातेल्यातलं जेवलो, एका झाडाखाली निजलो, आणि आता तोमासाला दार लावून बोलायचंय? राजधानीचं पाणी लागलं तिला. मी तुमची बाजू घेतली, पण पुढचं पत्र दार लावून वाचलं तर दार जागेवर राहणार नाही, हे नक्की.

आणि मला न विचारता समजलं आहे तुम्हाला काय सांगायचं आहे ते. तुम्हाला आशा सोडवत नाही. आधी कापड नव्हतं, मग धागा पिवळा, मग सुई टोचली. ज्या बाईनं आयुष्यभर चिरूट वळले तिच्या बोटाला सुई टोचते? तुम्ही भावाचा क्रूस स्वतःच्या हातानं उभा करू शकत नाही, एवढंच. मी रागावले नाही. उलट मलाच रडू आलं.

म्हणून कापड मी भरायला घेतलं आहे. रीत मोडते आहे हे ठाऊक आहे. पाउला म्हणाली, ती जाळीकामाची किनार करून देईल, तीही त्यांची लांबची मावशी लागते, तेवढं रक्त पुरे. मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, क्रूस रोवायचा ठरला आहे. क्रुसासाठी लाकूड एवारिस्तोनं तासून दिलं. चांगलं तासलं. खड्डाही तोच खणेल.

तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी समजेन.

रुफिना


आसुन्सिओन, २० ऑक्टोबर १८७२

रुफिना,

क्रूस रोवू नकोस. हात जोडते. आन्सेल्मो जिवंत आहे.

हे कुठेही वाच, ओसरीत वाच, मला आता लाज उरली नाही. तो कोरिएन्तेसला आहे. कैदेतून शेतावर गेला आणि तिथेच राहिला. बेनिता नावाच्या विधवेबरोबर राहतो, त्याला दोन मुली आहेत. मला गेल्या वर्षीच्या ईस्टरपासून ठाऊक आहे. तुला सांग असा त्याचा निरोप होता आणि मी सांगितला नाही. त्याचं पत्र सोबत जोडलं आहे, त्याच्याच हातचं.

कापडाला काही झालं नव्हतं. पांढरं कापड इथे दुकानोदुकानी आहे. मी एक टाकासुद्धा घातला नाही. तू तिकडे त्याच्या नावानं मान खाली घालून बसलीस, आणि मी इथे रोज तुझ्याशी खोटं बोलत बसले. तुला मला जे म्हणायचं असेल ते म्हण. फक्त क्रूस रोवू नकोस. मला एकच भाऊ आहे.

तोमासा


इबिराती, ६ नोव्हेंबर १८७२

वन्सं,

तुमचं पत्र दोन तारखेला सकाळी आलं. एवारिस्तो पाराग्वारीहून पहाटे निघाला होता, टोपीत पत्र घेऊन आला, माझ्या हातात दिलं आणि खणायला लागला. सगळं गाव रस्त्यावर जमलेलं होतं. चिपाच्या रोट्यांची टोपली, सूप, कोंबड्या, सगळं तयार. पाउला म्हणाली, तोमासाचं पत्र आहे तर आधी वाच, तिलाही आल्यासारखं होईल.

सवयीचा परिणाम बघा. मी पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं, दुसरंही वाचलं, आणि तेव्हा मला कळलं मी काय वाचते आहे. पण तोंड थांबेना. बेनिता, दोन मुली, ईस्टर, सगळं वाचून काढलं. मग त्यांचं पत्रही वाचलं. अक्षर खरंच बिघडलंय त्यांचं.

वाचून झालं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. त्यांचा कमी, तुमचा जास्त. एकेचाळीस क्रूस समोर होते आणि त्या सगळ्यांत मीच एकटी मूर्ख ठरले होते. मी पत्र फाडणार होते. तेवढ्यात पाउलानं माझा हात धरला. तिचे चार मुलगे गेले, तुम्हाला ठाऊक आहे, एकाचंही हाड मिळालं नाही. ती म्हणाली, “पोरींनो, आपला एक जिता हाय. चारशेतला आणखी एक जिता हाय गं.”

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. बायका रडत होत्या आणि मला मिठ्या मारत होत्या. जिनं तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. त्याच्या पोरींची नावं काय, तो काय खातो, बेनिता त्याला चिपा करून देते का, का अर्जेंटिनावाल्यांसारखं नुसतं मांस. जणू तो त्यांचाच कुणी होता. क्रुसाच्या जेवणाचं लग्नाचं जेवण झालं. मातियास झोळीतून आपण होऊन उतरला आणि त्यानं हार्प वाजवली. आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं त्याला वाजवता येतं. अशा वेळी माझा राग कोण विचारतो? चार वाजेपर्यंत मीसुद्धा नाचत होते. आता तुमच्यावरचा राग तीन दिवस शोधते आहे, सापडत नाही.

पण वन्सं, खोटं बोलणाऱ्या तुम्ही एकट्या नाहीत. आता मीही सांगते. एवारिस्तो रोज येतो तो केवळ कामासाठी नव्हे. दीड वर्ष झालं. तो कुंपण नीट करतो, मी त्याला सही शिकवते, ती त्याला कधीच यायला लागली आहे तरी शिकवते. सारं गाव जाणतं आणि सारं गाव गप्प होतं. तुमच्या पत्रातल्या ‘बऱ्या माणसा’वर बायका हसल्या त्या यासाठी. कापडाची घाई मला होती ती त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी नव्हती, वन्सं. एवारिस्तोची टोपी त्या खुंटीवर यावी म्हणून होती. मला तो फार आवडतो. हे मी कधी कुणाला लिहीन असं वाटलं नव्हतं.

आणि आता तोच गेला. सगळे नाचत असताना त्यानं खणलेली माती परत खड्ड्यात लोटली, पायानं दाबली, आणि माझ्याकडे आला. “मेलेल्याच्या घरात ऱ्हायलो असतो,” म्हणाला. “जित्याच्या घरात न्हाई ऱ्हानार. मी पण कैदेत व्हतो रुफिना. माझ्या घरात कुनी शिरलं आसतं तर?” मी म्हटलं, तुझं घर नव्हतंच. तो म्हणाला, तरीपन. त्या दिवसापासून तो चर्चच्या ओसरीत निजतो. काठी माझ्या दाराशी ठेवून गेला.

बायका म्हणतात, तू इतक्यांचे निकाल केलेस, हाही कर. पण स्वतःच्या खटल्यात मी कशी बसू? आणि कायद्यानं जो न्यायाधीश आहे तो आरोपीसारखा ओसरीत बसलाय. मला काय हवं ते तुम्हाला कळलं आहे. घर तुमच्या वडिलांचं आहे, जिता माणूस तुमचा भाऊ आहे. निकाल तुम्हीच द्या. तुम्ही जा म्हणालात तर मी पाउलाकडे राहायला जाईन, आणि तरी तुम्हाला वन्संच म्हणेन.

रुफिना


आसुन्सिओन, १ डिसेंबर १८७२

एवारिस्तो यास,

हे पत्र रुफिना तुला वाचून दाखवेल आणि पन्नास बायका कान लावून ऐकतील, तेव्हा नमस्कार सगळ्यांना एकदाच करते. पाउला, मला राजधानीचं पाणी लागलेलं नाही.

रुफिनाचं पत्र वाचून आधी मी कपाळावर हात मारला. मी तिला सांगते माणूस बघ, ती म्हणते परीक्षा घेताय. मी इथे तिच्या निष्ठेनं अर्धी झाले, आणि ती तिकडे सही शिकवत होती. शिकव म्हणावं, पण मला एका ओळीनं कळवायचं होतंस, मी वर्षभर पोटभर जेवले असते.

आता तुझं. तू म्हणालास जित्याच्या घरात राहणार नाही. असं म्हणणारे पुरुष लढाईनं फार शिल्लक ठेवले नाहीत, म्हणून मी रागावत नाही. पण ते घर आन्सेल्मोचं नाही. आमच्या वडिलांनी बांधलं, आईनं सारवलं, आणि लढाईत छप्पर जळालं ते रुफिनानं पुन्हा घातलं. आन्सेल्मोचं घर कोरिएन्तेसला आहे. तुझं म्हणणं मी होडीवाल्याबरोबर त्याला कळवलं होतं, काल उत्तर आलं. तो म्हणतो, एवारिस्तो म्हणजे तो झाडावरून पडणारा ना? त्याला सांग, मागच्या खोलीचं दार पावसाळ्यात अडकतं, खालून तासून घे. यापुढे तुला काय परवानगी हवी, दवंडी?

आता खरं सांगते, रुफिना, हे तूही ऐक. दीड वर्ष मी गप्प बसले ते तुला दुःख होईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. तेवढंच नव्हतं. बाईचं माहेर भावानं असतं. भाऊ त्या घरातून कायमचा गेला असं एकदा तोंडानं म्हटलं, की तू माझी कोण आणि मी तुझी कोण? नवरा गेला, आई गेली, पोरं झालीच नाहीत. उरलं होतं ते एक संत्र्याचं अंगण आणि तुझी पत्रं. तेही जाईल म्हणून मी भीत होते. भ्याले आणि खोटं बोलले.

तर एवारिस्तो, निकाल असा. न्यायाधीश म्हणून तुला तो मानावा लागेल. त्या घरात पुरुष नसला तर मला माहेर नाही, आणि या वयात मी माहेर सोडणार नाही. येत्या शनिवारी दुपारच्या गाडीनं मी पाराग्वारीला उतरते आहे. सोबत चिरुटांची पेटी आहे आणि मी जाडी झाले आहे, तेव्हा चांगले बैल आण. भावानं बहिणीला स्टेशनावर घ्यायला यायचं असतं.

पण घरून निघून ये. चर्चच्या ओसरीवरून आलास तर मी गाडीत चढणार नाही.

तुझी ताई
तोमासा